आत्या, शनिवारची जर्मन आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण

आत्या, तू गेलीस आणि आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुला हे मुळीच आवडलं नसतं. भांडण मधेच टाकून उठायची तुझी रीत नव्हती. समोरचा जेवून, हात धुऊन, ओसरीवर जाऊन आडवा झाला, तरी तू स्वयंपाकघरातून आपली बाजू पुरती मांडायचीस आणि मगच ताटं उचलायचीस. त्यामुळे आज मी एकटीच बोलणार आहे आणि तू मधे तोंड घालणार नाहीस, हे मला फार विचित्र वाटतंय.

घर आता जरा शांत झालंय. पाहुणे आपापल्या गावी गेले. बाबा ओसरीवर बसून तुझ्या शेळ्यांकडे पाहत असतात आणि शेळ्या बाबांकडे. 'चल चल', 'हुर्र' करून त्या जागच्या हलत नाहीत, हे बाबांना दुसऱ्याच दिवशी कळलं. शेवटी इकडेतिकडे पाहून, कोणी ऐकत नाही अशी खात्री करून त्यांनी हळूच तुझं जर्मन 'कॉम, कॉम', म्हणजे 'ये, ये', म्हटलं. सगळ्या लायनीत गोठ्यात गेल्या. तेव्हापासून या घरात जर्मन बोलणाऱ्या आपण दोघीच होतो, असं काही म्हणता येत नाही.

परवा मालेगावहून येताना कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, "जर्मनवाल्या बाई गेल्या म्हंते?" मी हो म्हटलं. त्याने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले. "लय बोलायच्या राजेहो," म्हणाला, "शनवारी गाडी खाली खाली वाटते." गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आत्या. सोयाबीनच्या पोत्यावर एक म्हातारा बसला होता, त्याच्या मांडीवर कोणाचं तरी पोरगं. मला हसूही आलं आणि रडूही आलं. तुझ्याबद्दल बोलताना अजून तसंच होतं.

तू जर्मनवाली कशी झालीस, हे नव्या लोकांना सांगताना मी नेहमी बाबांना जबाबदार धरते. मी नववीत होते. आपल्या मेडशीहून वाशिमकडच्या मालेगावच्या शाळेत एसटीने जायचे. वानखडे सर आम्हाला गणित शिकवायचे. आधी ते पुण्याला एका कारखान्यात होते, तिथेच जर्मन शिकले. आई एकटी पडली म्हणून नोकरी सोडून गावाकडे आले आणि आलेली भाषा गंजून जाऊ नये म्हणून त्यांनी शाळेत शनिवारचा वर्ग काढला. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की ज्याला हवं त्याने थांबायचं. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याशी उभं राहून पाच-सहा वाक्यं म्हटली. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही आणि त्याचाच केवढा आनंद झाला! आपल्या घरात कोण कधी काय बोलणार हे सगळ्यांना आधीच पाठ. इथे पहिल्यांदाच असं काहीतरी ऐकलं होतं, जे पुढे कुठे जाईल याचा पत्ता नव्हता.

बाबांनी मात्र ऐकल्याबरोबर हात झटकले. "गावच्या साऱ्या पोरी अकराच्या गाडीनं येतात. हे एकटी दुपारच्या गाडीनं येईन? काही गरज नाई. इंग्रजीत पहिले पास हो म्हना."

माय भाकरी थापत होती. मान वर न करताच तुझ्याकडे हात करून म्हणाली, "बाई जाईन न सोबतीले."

सोबत हेच तर तुझं काम होतं. नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस, तेव्हापासून साऱ्या भावकीने तुला सोबतीला वापरलं. कोणाच्या बाळंतपणाला सोबत, कोणाला दवाखान्यात सोबत, कोणाचं घर राखायला, कोणाच्या नव्या नवरीला सासरी रुळेपर्यंत. तू पिशवी भरून तयारच असायचीस. तेव्हा जर्मनच्या वर्गाला सोबत म्हणजे तुझ्या लेखी आणखी एक फेरी. फक्त एवढंच विचारलंस, "येतानाच्या गाडीत खिडकी भेटते का?"

पहिल्या शनिवारी तू मागच्या बाकावर बसलीस आणि पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडायला लागलीस. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सर जवळ आले. "ताई, आपण?"

"मी पोरीच्या सोबतीले आली. तुमी चालू द्या तुमचं."

"त्याचं काय आहे ताई," सर म्हणाले, "या वर्गात ऐकणारं कोणी नसतं. बसायचं तर बोलावं लागतं."

तू मेथी बाजूला ठेवलीस. "बोलाले मी कधी नाई म्हटलं?"

सगळा वर्ग हसला. मी सोडून. सरांनी त्या दिवशी प्रत्येकाला जर्मनमध्ये आपलं नाव सांगायला लावलं. आम्ही पोरं ओठातल्या ओठात पुटपुटलो. तुझी पाळी आली तेव्हा तू उभी राहिलीस, पदर सारखा केलास आणि 'इश हाइसं सुमन' असं काही ठणकावून सांगितलंस, की व्हरांडा झाडणारे मामा झाडू घेऊन दारात आले. सरांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत तू मला कोपराने ढोसलंस. "तू काहून उंदरावानी बोलत होती वं? आपलंच नाव हाये, चोरलं थोडी!"

आज मी पोरांना शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी हेच सांगते. तुझं नाव घेऊन सांगते.

तुझी शिकायची पद्धत कोणत्याच पुस्तकात बसणारी नव्हती. पाचवी शिकलेली तू. ती इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरं शिकायला तू साफ नकार दिलास. "त्या अक्षराईच्या मांगं लागली तं बोलाचं राहून जाईन." सरांनीही आग्रह धरला नाही. तू सगळं कानाने उचललंस. चुलीजवळ, गोठ्यात, तुरीच्या शेंगा खुडताना, बसमध्ये. मेडशी येईपर्यंत मला प्रश्न विचारायचीस आणि उत्तर मोठ्याने द्यायला लावायचीस. शेजारच्या बाया विचारायच्या, "हे कोनती भाषा म्हनाव?" तू म्हणायचीस, "जर्मन. तुले बी शिकवू का? सोपी हाये. जीभ जराशी मांगं ओढाची आन राग आल्यासारखं बोलाचं." अर्ध्या गाडीला 'नमस्कार' आणि 'पुन्हा भेटू' तूच शिकवलंस. अजूनही मेडशीच्या थांब्यावर उतरताना एक-दोन म्हाताऱ्या मला निरोपाचं 'च्युस' म्हणून हात हलवतात. त्यातली एकही कधी शाळेत गेलेली नाही आणि त्यांना ते मेडशीचंच काहीतरी वाटतं.

बरोबर बोलायचीस असं मी म्हणणार नाही, आत्या. तू गेलीस म्हणून खोटी स्तुती करण्यात अर्थ नाही. तुझी वाक्यं म्हणजे भाजीबाजारात भरलेली पिशवी. वर काय, खाली काय, कशाचा मेळ नसायचा. पण तू थांबायची नाहीस. शब्द सापडला नाही तर त्या जागी वऱ्हाडी शब्द टाकून गाडी पुढे दामटायचीस.

आणि आपण भांडायला लागलो ना जर्मनमध्ये, ते मला सगळ्यात जास्त आठवतं. आपल्या बोलीत भांडण म्हणजे टोमणे. मायला लागेल असं तू मला बोलायचीस, बाबांना लागेल असं मी शेळीला बोलायचे. जर्मनमध्ये टोमणा मारण्याइतके शब्दच नव्हते आपल्याकडे. त्यामुळे सरळ बोलावं लागायचं. मला राग आला आहे. का? तू माझा डबा सांडलास. मला वाईट वाटतं. बरं. संपलं भांडण. बारावीच्या वर्षी मी एकदा गोठ्याच्या दारात उभी राहून तुला जर्मनमध्ये म्हटलं होतं, की मला भीती वाटते, मी नापास होईन. मायला मी ते कधीच सांगू शकले नसते. तूही शेण भरता भरता जर्मनमध्येच म्हणालीस, की मलाही भीती वाटते, तू पास झालीस की जाशील. मग तू 'कॉम कॉम' करत पाठीला हात लावून मला घरात नेलंस. बाबा ओसरीवरून ओरडले, "काय बोलून राह्यल्या तुमी दोघी माह्याबद्दल?" त्यांना कायम वाटायचं, की ही भाषा आपण त्यांच्या चुगल्या करायलाच शिकलो.

पोहरादेवीची गोष्ट मी वर्गात इतक्या वेळा सांगितली आहे, की पोरं आता मलाच दुरुस्त करतात. रामनवमीची बंजाऱ्यांची यात्रा, पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत तुला एक गोरा माणूस दिसला. उंच, घामाघूम, खांद्याला कॅमेरा. तू माझा हात सोडलास आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. वर्गाबाहेरच्या माणसाशी जर्मन बोलायची तुझी केव्हापासूनची इच्छा. तू एका दमात सगळं म्हटलंस. नाव, गाव, घरात किती माणसं, किती शेळ्या, आज ऊन फार आहे, पाणी पाहिजे का. त्या माणसाने हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शुद्ध हिंदीत म्हणाला, "माताजी, बंजारा बोली मैं अभी सीख रहा हूँ. थोड़ा धीरे बोलिए."

तो कुठल्या तरी तिसऱ्याच देशाचा निघाला, बंजारा गाणी ऐकायला आलेला. मी तोंडावर ओढणी धरून मरेस्तोवर हसले. मला वाटलं, आता तू खट्टू होशील. तू त्याला पाणी पाजलंस, बत्तासे दिलेस आणि परत येताना साऱ्या गाडीला सांगितलंस, "पाहा, माही जर्मन एवढी पक्की, का त्याले इथलीच वाटली!"

मग मी नागपूरला शिकायला गेले. मी गेल्यावरच्या पहिल्या शनिवारचा किस्सा मला मायने फोनवर सांगितला. तू सकाळची कामं आटोपलीस, चांगलं लुगडं नेसलीस, पिशवी घेतलीस आणि निघालीस. बाबांनी दारातच अडवलं. "पोरगी तं नागपूरले गेली. तू आता कोनाच्या सोबतीले चालली?"

"माह्या," तू म्हणालीस आणि गाडी चुकू नये म्हणून पाय उचललास.

त्यानंतर किती वर्षं तू जात राहिलीस! पोरं बदलत गेली, तू त्याच बाकावर. नववीतली पोरं तुला आत्या म्हणायची, त्यांच्या पाठीमागून आलेली त्यांची धाकटी भावंडंही आत्याच म्हणायची. मी शिकून परत आले, वाशिमच्या एका शाळेत जर्मन शिकवायला लागले आणि सर निवृत्त झाल्यावर मालेगावचा शनिवारचा वर्ग माझ्याकडे आला. माझ्याच वर्गात माझी आत्या मागच्या बाकावर! मी काही सांगितलं, की तुझा हात वर. "सर असं नोते सांगत." बहुतेक वेळा तूच चुकलेली असायचीस. मी पुस्तक दाखवायचे. तू म्हणायचीस, "पुस्तकातबी चुकते कधी कधी." पोरं खूश. मी वैतागायचे आणि परतीच्या गाडीत खिडकीची जागा तुला द्यायचे. ते दिवस किती चांगले आहेत, हे मला तेव्हाही कळत होतं, आत्या. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच कळत होतं.

आता त्या भांडणाकडे येते.

गेल्या वर्षी मला विचारणा झाली. जर्मनीतल्या एका लहानशा गावातली शाळा, वर्षभर तिथे राहून काम करायचं, जमलं तर पुढेही. बाबांनी गावभर सांगून टाकलं. तू तर त्याच दिवशी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी किती दिवस टिकेल, याचा विचार सुरू केलास. मी नाही म्हटलं. घरात कोणाला ते ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाबांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तू जमिनीकडे.

कारण तोवर तुझं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा वाशिम. भाड्याची गाडी करू म्हटलं तर तू ऐकेनास, एसटीच पाहिजे, ओळखीची माणसं भेटतात. मी तुझ्यासोबत. आता सोबतीला मी होते. त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी कोणाला पटणार नव्हतं. सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की मंजू आत्यासाठी थांबली. कोणी कौतुकाने म्हणायचं, कोणी हळहळून. तुला दोन्ही सारखंच झोंबायचं.

एकदा वाशिमहून येताना तू माझं मनगट धरलंस. "मी जनमभर साऱ्याईची सोबत झाली, मंजे. कोनाच्या पायातली बेडी नाई झाली. आता मरता मरता मले बेडी करू नको."

"तुह्यासाठी नाही थांबून राह्यली मी," मी म्हटलं. राग आला की मलाही बोली फुटते. "तुले वाटते, या गावात तूच एक आहे का?"

"मंग काय हाये या गावात?"

"मले इथं गमते. जीव रमते माहा."

तू हसलीस. खूप वाईट हसलीस, आत्या. "गमते म्हने! मेडशीत कोनाले गमते? ज्याले कुठी जाता येत नाई, त्याले." आणि खिडकीबाहेर पाहायला लागलीस.

मी खरं बोलत होते आणि तुला ते खोटं वाटत होतं. एरवी उलटं असतं. माणूस खोटं बोलतो आणि समोरच्याला पटतं. मी तुला परोपरीने समजावलं. शनिवारची पोरं सांगितली. त्यातली दोघं पोहरादेवीकडच्या तांड्यावरची, त्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, घरात एक बोली, शाळेत दुसरी, आणि माझ्या वर्गात तिसरी ती मजेत बोलतात. बाहेरगावी जाऊन जे पाहायचं ते मी नागपुरात पाहून आले, मला इथे परत यायचंच होतं, हेही सांगितलं. तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी 'नाही'साठी एकच जर्मन शब्द म्हणायचीस. "नाइन." शेवटच्या फेरीतही तू तेच म्हणालीस. मी म्हटलं, बरं, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी दुपारी तू झोपेतच गेलीस.

तुला त्रास झाला नाही, याचं मला खरंच समाधान आहे. पण आपल्यामुळे ही पोरगी अडकली, एवढं ओझं घेऊन तू गेलीस, हे मला कशानेही विसरता येईना. मी तुझ्या दिवसांत फारशी रडलेही नाही. मला रडण्यापेक्षा तुझ्याशी भांडायचं होतं.

दहाव्या दिवशी बाबांनी मला नदीवर नेलं. बाया तिथे सहसा जात नाहीत. "तू ये," एवढंच म्हणाले. भावकीतली माणसं होती, वानखडे सर मालेगावहून आले होते. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे बाभळीवर बसलेले, चांगले चार-पाच. एकही खाली येईना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, ती पुरी करतो असं कोणीतरी मोठ्याने सांगायचं असतं. मग सुरू झालं. बाबा म्हणाले, "बाई, तुह्या शेळ्या मी विकनार नाई." काही नाही. चुलतभाऊ म्हणाला, "आत्या, तुह्या नावानं शाळेतल्या पोराईले जेवन देऊ." कावळ्यांनी मान वळवली. ऊन चढायला लागलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या. सगळ्या गावाला तुझी इच्छा माहीत होती ना.

"म्हन," बाबा म्हणाले. "जातो म्हन. तिचा जीव अडकला हाये."

मी पुढे गेले. जाते म्हणणं सोपं होतं. एकच शब्द, सगळे मोकळे, तूही मोकळी. पण आपण दोघी एकमेकींशी असं खोटं कधी बोललो नव्हतो. आणि खरं सांगावं तर सगळ्या गावासमोर तुझी शेवटची इच्छा मोडायची. मी पिंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून जर्मनच आली.

मी म्हटलं, आत्या, मी इथेच राहणार आहे. तुझ्यामुळे नाही. मग मला 'गमतं' म्हणायचं होतं आणि त्याला जर्मन शब्द सापडेना. इतकी वर्षं शिकवते, पण त्या क्षणी काही सापडेना. मग मी लांबून लांबून सांगायला लागले. मला सकाळी या घरात उठायला आवडतं. पोरं मोठ्याने चुकतात ते ऐकायला आवडतं. गाडीत चढलं की तीन माणसं सरकून जागा करतात ते आवडतं. तू मागच्या बाकावर नसशील तेव्हाही आवडेल, पण आधीइतकं नाही. तू बेडी नव्हतीस. तू माझी सोबत होतीस, आणि मी तुझी. आता तरी नाइन म्हणू नकोस.

एक कावळा खाली आला. तुरुतुरु चालत गेला आणि पिंडाला चोच लावली. त्याला भूक लागली असेल, मला कळतं. मी शिक्षिका आहे. पण तू जन्मभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस आणि तो माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबला, एवढं मात्र मी पाहिलं. तेव्हा मी रडले. भरपूर रडले आणि मला फार बरं वाटलं.

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोणीतरी सरांना विचारलं, "काय म्हनली पोरगी?" सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला. "आत्यांना जे सांगायचं होतं, ते सांगितलं तिने," म्हणाले. एवढ्यावर गावाने ठरवून टाकलं, की मी जाते म्हणाले. किराणावाल्याने परवा विचारलं, विमान कोणत्या दिवशी. शेजारच्या काकूंनी तिकडून थंडीची शाल आणायला सांगितली. शाळेतले मामासुद्धा म्हणाले, जाताना पेढे द्या. मी हसून वेळ मारून नेते आहे. सगळ्या गावात खरं काय ते मी जाणते, सर जाणतात आणि तू जाणतेस, अशी माझी समजूत होती.

काल संध्याकाळी बाबा शेळ्या बांधत होते. मी दावं धरून उभी होते. गाठ मारता मारता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तू नाई जाऊन राह्यली न?"

मी दावं त्यांच्या हातात दिलं. मग विचारलं, "सरांनी सांगितलं?"

"सर कायले सांगतीन? मले का समजत नाई?" ते म्हणाले. "'जातो' म्हनाले एवढं लांबन लागते का वं कुठल्या भाषेत?"

त्यांनी दुसरी शेळी ओढली. "बाईले पटलं न? मंग झालं. मले काय."

"पण गावाले काय सांगायचं, बाबा? आत्यासाठी थांबली असं कोणाला सांगू नका. तिला ते नको होतं."

"नाई सांगत." बाबांनी हात झटकले, गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "खरं हाये तेच सांगतो. पोरीले इथंच गमते म्हनतो."

ऐकलंस ना, आत्या? तुझ्या भावाला पटलं. आता तूही मान.